सुईला ऐकू गेलेली हाक

बयाबाईंनी लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तोंडाने उच्चारलं नव्हतं, आणि त्यामुळे शिवथरच्या खोऱ्यातल्या तीन वाड्यांची जेवणं वेळेवर होत असत.

त्यांचे यजमान कुशाबा सकाळी गुरं घेऊन वरच्या माळावर जायचे. साडेबाराला शेवटची भाकरी टोपलीत पडली की बयाबाई अंगणाच्या कडेला येऊन उभ्या राहायच्या, पदर खोचायच्या, डावा हात कानावर ठेवायच्या आणि समोरच्या डोंगराला हाक मारायच्या, "आवोऽऽऽ!" नाव घ्यायचं नाही, म्हणून नुसतं आवो. आता खोऱ्यात ज्याला बायको आहे तो प्रत्येक माणूस कुणाचा ना कुणाचा आवोच असतो. नदीपलीकडे वाल वेचणारे उठायचे, गवत कापणारे विळा कमरेला लावायचे, पाराखाली बसलेले चपला शोधायचे. बायकांनी वेगळं बोलावणं करायची गरजच नव्हती.

हे मी रोज ऐकायचो, कारण बयाबाईंच्या अंगणाच्या चाळीस पावलं खाली आमची प्रयोगशाळा होती.

मी सुहास, राहणार महाड. डिप्लोमा झाल्यावर दहा वर्षं कारखान्यांची पॅनल बसवली. मग पुण्याच्या एका संस्थेला खोऱ्यात टेक्निशियन हवा होता, तिथे लागलो. त्या संस्थेच्या राजश्री मॅडम दीड वर्ष शांत जागा शोधत फिरल्या होत्या. रेल्वे नको, हायवे नको, कारखाना नको, खाली सलग कातळ हवा. शिवथरला दूध संकलनाची एक बंद पडलेली इमारत त्यांना सापडली. जाड दगडी भिंती, खाली काळा कातळ, आणि मोबाईलला रेंज नाही. मॅडमना इतका आनंद झाला, की त्यांनी तिथल्या तिथे जमिनीवर आडवं होऊन कान लावला. वाडीत तेव्हापासून अशी समजूत झाली की बाईंना फिट येते.

आमचं यंत्र म्हणजे एक सुई. तिचं टोक इतकं बारीक की शेवटी एकच अणू उरतो. ती एखाद्या धातूच्या तुकड्यावर, त्याला न टेकता, अगदी जवळून फिरवायची. मधल्या फटीतून विजेचा अगदी नखाएवढा प्रवाह वाहतो. सुई वर गेली की तो घटतो, खाली आली की वाढतो, आणि त्यावरून खालचे अणू कसे मांडलेत त्याचं चित्र संगणकावर उमटतं. हे सगळं द्रवरूप हेलियममध्ये, म्हणजे उणे दोनशे एकोणसत्तरच्या थंडीत, कारण जरा ऊब मिळाली की अणू वळवळतात.

बयाबाई मॅडमचा आणि अनुष्काचा डबा करून आणायच्या. अनुष्का ही मॅडमची विद्यार्थिनी, पीएचडी करणारी. बयाबाईंनी एकदा विचारलं, "न टेकता कसं कळतं गो तुमच्या सुईला?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तवा तापलाय की नाही ते कसं बघता?"

"वर हात धरून."

"हात टेकवता?"

"टेकवीन कशाला? भाजंल ना!"

"तेच आमची सुई करते."

"मंग तिला हात द्या की. एवढं यंत्र कशाला?" असं म्हणून बयाबाई भांडी घेऊन गेल्या. पण त्यांना ते समजलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाडीला सांगितलं की खाली मॅडम जगातला सगळ्यात गार तवा चाचपतायत.

या सुईला कशाचंही वावडं होतं. कुणी दार आपटलं की चित्रावर रेघा. म्हैस भिंतीला अंग घासायला आली की रेघा. म्हणून सगळं यंत्र आम्ही स्प्रिंगांवर टांगलं होतं, जसं लेकरू झोळीत टांगतात, आणि झोळी झुलत राहू नये म्हणून खाली तांब्याची पट्टी आणि चुंबकं बसवली होती. टेबलाच्या पायात वाळू भरली होती. वाडीतल्या गिरणीवाल्याने आमच्यासाठी दळणाची वेळ सकाळी नेली. विजेचं काम सगळं माझं. यंत्राला अर्थिंग एकच हवं, दोन झाली की त्यांच्यात वीज चकरा मारते आणि सुईला भणभण ऐकू येते. ते अर्थिंग मी स्वतः खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून केलं होतं. त्याचा मला फार अभिमान होता. इतका, की पाहुणे आले तर मी त्यांना आधी खड्डा दाखवायचो.

तर डिसेंबरात यंत्र गार झालं, चित्रं यायला लागली आणि लगेच घोटाळा सुरू झाला. रोज दुपारी साडेबाराच्या सुमाराला चित्रभर आडव्या रेघा. तासभर टिकायच्या आणि मग आपोआप जायच्या.

अनुष्काने तीन दिवस घड्याळ लावून बघितलं आणि चौथ्या दिवशी ती बाहेर येऊन म्हणाली, "मॅडम, काकी हाक मारतात, आणि बरोबर दोन मिनिटांनी सुरू होतं. रोज."

"हाक दोन सेकंदांची असते," मॅडम म्हणाल्या. "रेघा तासभर कशा टिकतील? आणि ही सेकंदाला पन्नास झोक्यांची लाट आहे, अनुष्का. ही विजेची भणभण आहे. सुहास, अर्थिंग बघतोस?"

मला ते लागलं. माझ्या खड्ड्यावर संशय! मी म्हटलं, "मॅडम, अर्थिंग पक्कं आहे. रोज सकाळी नऊला मोजतो. मला वाटतं, काकींच्या हाकेने कुठलातरी जोड हलतो. हलला की ती वायर भणभण पकडते. मग हळूहळू जागेवर बसतो."

हे मी ठरवून खोटं बोललो नाही. असं होऊ शकतं. पण मनात खोल कुठेतरी मला ते खरं असावं असं वाटत होतं, आणि शोधणाऱ्या माणसाने असं काही वाटून घेऊ नये.

मॅडम स्वतः अंगणात गेल्या. मी मागे उभा होतो. त्यांनी बयाबाईंना फार अदबीने सांगितलं, की थोडे दिवस हाक नाही मारलीत तर आम्हाला कळेल.

बयाबाईंनी आधी मॅडमकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "म्हंजे मी वरडते म्हनून तुमची सुई बिघडली?"

"बिघडली नाही हो, फक्त..."

"नाय वरडनार," बयाबाई म्हणाल्या. "तुमी सांगाल तवापत्तुर नाय वरडनार. झालं?"

आणि त्याच संध्याकाळी आमचा हेलियम संपला. वरंध घाट कामासाठी बंद होता, त्यामुळे पुढची टाकी ताम्हिणीवरून वळसा घालून यायला आठ दिवस लागणार होते. यंत्र गरम होऊन पडलं. हाक मारली काय, न मारली काय, सुईला काही फरक पडत नव्हता. मॅडमनी निरोप पाठवला की तोवर खुशाल ओरडा. बयाबाईंनी उलट निरोप पाठवला की शब्द दिलाय.

पहिल्या दिवशी कुशाबा माळावर चार वाजेपर्यंत बसले. संध्याकाळी उपाशीपोटी घरी आले तेव्हा बयाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. कुशाबा दारातच थांबले आणि म्हणाले, "हायेस व्हय? मला वाटलं गेलीस."

"गेले असते तर कुनी तरी सांगाया आलं असतं ना!"

"कोन येनार? सगळीच वर बसलीवती."

खरंच बसली होती. त्या दिवशी तीन वाड्यांत भाकऱ्या गार झाल्या. घड्याळं सगळ्यांच्या घरी होती, हातातही होती. पण घड्याळ बघून जेवायला उठायची कुणाला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी बयाबाईंनी थाळी वाजवायचं ठरवलं. पळीने दोन टोले दिले, तेवढ्यात त्यांना वाटलं की हाही आवाजच, आणि थांबल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी लाल लुगडं काठीला लावून फडकवलं. ते कुशाबांनी पाहिलं, पण त्यांना वाटलं वाळत घातलंय. चौथ्या दिवशी त्यांनी स्टीलची परात उन्हात धरून कवडसा माळावर पाडला. कवडसा जरा डावीकडे गेला. तिथे रामा नावाचा एक गृहस्थ गवत कापत होता. त्याच्या डोळ्यांवर तीनदा उजेड आला, तेव्हा त्याने ओळखलं की बयाबाई आपल्याला बोलावतायत. तो उतरला, पाय धुतले आणि पाटावर येऊन बसला. आता पाटावर बसलेल्या माणसाला उठवतात का? त्यांनी वाढलं. रामा चार भाकऱ्या जेवला, वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं, आणि जाताना म्हणाला, "उद्या कशाला तरास घेता? मी आपनच येतो."

म्हशीची वेगळीच तऱ्हा. ती संध्याकाळी बयाबाईंच्या हाकेवर नदीवरून परतायची. आता ती पाण्यातच बसून राहायला लागली. कुशाबा आणायला गेले तर त्यांच्याकडे अशी बघायची, जणू हा माणूस तिने कधी पाहिलाच नाही.

सहाव्या दिवशी वाडीतल्या नऊ-दहा बायका प्रयोगशाळेच्या दारात आल्या. पुढे आवडी होती, तिचा नवरा बोटीवर असल्यासारखा पाच दिवस जेवायला आलाच नव्हता म्हणे. "मॅडम, बयाबायला वरडाया सांगा. आमची मानसं वाया गेली."

मॅडमनी त्यांना चहा दिला आणि हेलियमचं सगळं समजावलं. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. आवडी म्हणाली, "बरं, मंग हेलमाला सांगा लौकर ये म्हनून."

नवव्या दिवशी टाकी आली. यंत्र पुन्हा गार केलं, आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, चित्र सुरू झालं. आम्ही तिघं पडद्यासमोर श्वास धरून. साडेबारा झाले, बाहेर चिडीचूप. पाऊण. एक. चित्रावर एक रेघ नाही. अणू कसे, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. अनुष्काने टाळी वाजवायला हात उचलले आणि आवाज होईल म्हणून खाली घेतले.

"म्हणजे काकीच," मी म्हणालो. मोठ्या सुटकेने म्हणालो.

आणि दोन वाजून दहा मिनिटांनी रेघा आल्या.

मंगळवारी एक चाळीसला आल्या. बुधवारी तीन वाजता. मॅडम डोकं धरून बसल्या. अनुष्का फळ्यावर वेळा लिहून त्यांच्यात सूत्र शोधत होती. चंद्राची भरती-ओहोटी लावून बघितली. इतक्यात बयाबाई डब्याची भांडी न्यायला आल्या. माझ्याशी त्या बारा दिवस बोलल्या नव्हत्या. दारात थांबून त्यांनी अनुष्काला विचारलं, "काय गो लिवलंस?"

"रेघा कधी आल्या ते, काकी. सोमवारी दोन दहा."

बयाबाईंनी डोळे बारीक केले. "सोमवारी दोनला मेथी हुती."

"कुठे?"

"मंगळवारी?"

"एक चाळीस."

"वांगं. आनि बुधवारी तीनला सुकट. सुकटीचा वास तर पार देवळापत्तुर गेला." मग त्यांनी माझ्याकडे हनुवटी केली. "मॅडम, तुमच्या सुईला माझा आवाज नाय, ह्याचं जेवान बाधतंय."

मला कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम झालं.

माझ्याकडे विजेवर गरम होणारा डबा होता. बायकोने, पूजाने, वाढदिवसाला दिलेला. महाडहून भाजी-पोळी आणायची, बाहेरच्या खोलीत डबा बोर्डाला लावायचा आणि तासभर सावकाश गरम होऊ द्यायचा. आणि तो मी कधी लावायचो? बयाबाईंची हाक आली की. मीही एक आवोच होतो ना! हाक आली की उठायचो, हात धुवायचो, डबा लावायचो. दोन मिनिटं. हाक बंद झाली तेव्हा मलाही भुकेचा पत्ता राहिला नाही. आठवेल तेव्हा डबा लावला, आणि रेघा माझ्या भुकेप्रमाणे आल्या.

मॅडम उठून बाहेरच्या खोलीत गेल्या. डबा अजून लावलेलाच होता. तो लाल बोर्डाला लावला होता, कारण दुसऱ्या बोर्डाचा खटका सैल झाला होता. लाल बोर्डावर पाटी होती : 'फक्त यंत्रासाठी. इतर काहीही लावू नये.' अक्षर माझं होतं.

मॅडमनी मीटर लावून बघितलं. डब्याच्या तारेतून थोडीशी वीज अर्थिंगमध्ये पाझरत होती आणि तिथून माझ्या लाडक्या खड्ड्याकडे जाता जाता सुईच्या कानात भणभणत होती. त्यांनी डबा काढला. आत अनुष्का ओरडली, "गेल्या!"

मॅडमनी फक्त ती पाटी मोठ्याने वाचली. शेवटपर्यंत.

मी तसाच वर अंगणात गेलो. बयाबाई चुलीपाशी होत्या. मी म्हटलं, "काकी, चुकलो. तुमच्यावर आळ आला माझ्यामुळे."

"बस," त्या म्हणाल्या.

"नाही, आधी माफ..."

"आधी जेव. दीड वर्स झालं, त्या दोघी माझ्या हातचं खातात आनि तू त्या डब्याला वायर लावून बसतोस. माफी मागाया पोटात काय तरी असाया लागतं." त्यांनी तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. मग अंगणाच्या कडेला गेल्या, पदर खोचला आणि बारा दिवसांची साठलेली हाक एकदम मारली. समोरच्या उतारावर माणसं अशी उठली, की जणू कुणी दोरी ओढली. म्हैस नदीतून, वेळ नसताना, धावत आली.

गोष्ट इथे मिटली असती. पण मॅडमच्या डोक्यात वेगळंच आलं. त्या हाकेच्या वेळी अनुष्काचं कंपनं मोजायचं यंत्र चालू होतं, आणि त्यात एक बारीकसा उंचवटा उमटला होता. म्हणजे रेघा माझ्या होत्या, पण हाकही सुईपर्यंत थोडीशी पोचत होतीच. कुठून पोचते ते शोधायला हवं. त्यासाठी मी महाडहून मंडपवाल्याचा स्पीकर आणला, पण तो दर वेळी वेगळाच वाजायचा आणि दुसऱ्या दिवशी फाटला. मॅडमनी बयाबाईंना पाच हाका मारायला लावल्या आणि मोजल्या. पाचही हुबेहूब सारख्या.

"असा आवाज विकत मिळत नाही," मॅडम म्हणाल्या. "बयाबाई, दोन दिवस आमच्यासाठी ओरडाल?"

बयाबाई नवं लुगडं नेसून आल्या. दारात मी वही पुढे केली, कारण आत येणाऱ्याचं पूर्ण नाव लिहायचं असा नियम होता. "बयाबाई..." मी म्हटलं आणि पेन धरून थांबलो.

"फुडचं तुला ठावं हाय."

"काकी, नियम आहे, स्वतः सांगायचं."

त्यांनी उंबऱ्यावर पाय जुळवले, पदर डोक्यावर घेतला, आणि अनुष्का मोबाईलवर चित्रण करायला लागली.

"शिवथरच्या घळीत पान्याची धार,
कुशाबारावांचं नाव घेते, सोडा आता दार!"

मी लिहून घेतलं. लिहिताना माझेच गाल तापले होते.

मग दोन दिवस बयाबाई इमारतीच्या भोवती फिरून हाका मारत होत्या. उत्तरेच्या कोपऱ्यात एक, पायरीवर एक, पाण्याच्या टाकीपाशी एक. माणसांना आधी सांगून ठेवलं होतं, तरी पहिल्या दिवशी रामा तीनदा जेवायला उतरला. दुसऱ्या दिवशी सापडलं. मागच्या झरोक्याची काच फुटली होती आणि तिथून आत येणारा हेलियमचा नळ हाकेबरोबर थरथरत होता. आम्ही झरोका विटांनी बुजवला, नळाला वाळूच्या पिशव्यांत बसवलं आणि यंत्राभोवती लाकडी खोकं करून त्याला आतून गोधड्या लावल्या. गोधड्या बयाबाईंच्याच.

मग शेवटची चाचणी. बयाबाई भिंतीपासून दहा पावलांवर उभ्या राहिल्या. हाक मारली. मॅडमनी खिडकीतून मान हलवली, काही नाही. त्या पाच पावलांवर आल्या. काही नाही. मग त्यांनी भिंतीला जवळजवळ नाक लावून अशी हाक मारली, की कौलांवरची धूळ पडली. सुई ढिम्म हलली नाही. आत अनुष्का नाचायला लागली. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "बयाबाई, काहीसुद्धा ऐकू आलं नाही! काहीसुद्धा!"

बयाबाईंचा चेहरा उतरला. "कायच नाय?"

"शून्य!"

"थांबा, पुना मारते. मघा घसा बसलावता."

त्यांनी आणखी चार मारल्या. मॅडम जितक्या खूश होत गेल्या तितक्या बयाबाई खचत गेल्या. चहा न घेताच त्या घरी निघून गेल्या. कुशाबांनी त्यांना कितीतरी समजावलं. "अगो, मला तर आला आयकू. माळावर आला." पण त्यांना ते पटेना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची हाक कुठेतरी पोचली नव्हती.

मॅडमना हे मी सांगितलं तेव्हा त्यांना आधी कळेचना. मग त्यांनी पहिल्या दिवशीचा आलेख कागदावर मोठा छापला, महाडहून चौकट करून आणली आणि स्वतः वर गेल्या. कागदावर एक सपाट रेघ होती आणि मधेच सरळ आभाळात गेलेला उंच सुळका.

"ही रेघ म्हणजे खोऱ्यातले सगळे आवाज," मॅडम म्हणाल्या. "गिरणी, एसटी, म्हैस, आम्ही. आणि हा सुळका तुम्ही. हा अडवायला आम्हाला विटा, वाळू आणि सात गोधड्या लागल्या."

बयाबाईंनी कागद जवळ धरला, लांब धरला. "एवढी? मी?"

"एवढ्या."

ती चौकट आता त्यांच्या ओटीवर, देवांच्या फोटोंच्या ओळीत आहे. घळ बघून येणारी पुण्या-मुंबईची मंडळी पाणी प्यायला थांबतात, आणि हा कुठला गड म्हणून विचारतात. कुशाबा कौतुकाने काहीतरी सांगायला तोंड उघडतात, तर बयाबाई त्यांना हाताने थांबवतात, पदर खोचतात, डावा हात कानावर ठेवतात आणि पाहुण्यांना म्हणतात, "लांब व्हा जरा, दावते." त्यातले काही जण मागे सरतात. काही जण सरत नाहीत.